सत्ययुग येईपर्यंत

अमरावतीत शेजारी पूजा होती. प्रसादाचा द्रोण हातात देताना शेजारीण कुरकुरली, "आमची कामवाली आता वेगळ्या कपात चहा घेत नाही म्हणते. कलियुग आहे, ताई!"

माझं डोकंच तडकलं. घरभर कापराचा वास होता, पण मला आला तो मेलेल्या बैलाचा.

आम्ही बौद्ध झालो, त्याच्या पुढच्या वर्षीचा उन्हाळा. अकोल्याकडच्या आमच्या गावात मालकाचा बैल गोठ्यापुढं मरून पडला होता. पोट फुगलेलं, त्यावर माशा घोंगावत होत्या. पिढ्यान्‌पिढ्या अशी ढोरं ओढून नेली ती आमच्याच माणसांनी. मालकानं मायला बोलावलं. मी तिचं लुगडं धरून उभी होते.

"काहून वं, सकाळपासून कोणीच आलं नाई?"

"आता आमी ढोरं ओढत नाई जी."

मालक रोज पोथी वाचणारा. त्यानं कपाळावर हात मारला. "कलियुग आलं, कलियुग!"

"किती वर्षं राहाते जी हे?" मायनं विचारलं.

"चार लाख बत्तीस हजार. आता कुठं सुरू झालं!"

"मंग तुमचं सत्ययुग येईपर्यंत राहू द्या बैल इथंच."

मला तेव्हा हसू आलं होतं. माय मात्र घरापर्यंत थरथरत होती. ती घाबरली, असं मी इतकी वर्षं समजत होते. तो संताप होता. हे मला आज कळलं.

मी द्रोण खाली ठेवला.

"वहिनी," मी म्हटलं, "तो वेगळा कप आणा. आज मला त्यातच चहा द्या."