मीठ घरी आहे

सेविराचं घर दगडाखाली होतं. ओम्ताश डोंगर फुटला तेव्हा तापलेला रस तिच्या वाडीवरून वाहत आला आणि थिजून काळाकुट्ट झाला. घर, गोठा, जर्दाळूची झाडं, सगळं त्याच्या पोटात गेलं. माणसं तेवढी वाचली. इल्मे गावात त्या रसाला पाहुणी म्हणतात. न बोलावता आली आणि ठाण मांडून बसली, मग दुसरं काय म्हणणार?

पाहुणी पुरती निजल्याशिवाय तिच्या अंगावर घर बांधायचं नाही, हा तिथला नियम. ती निजली का हे पाहायला सकाळी दगडाच्या भेगेत जवाच्या कणकेचा गोळा पुरायचा आणि दिवस कलताना काढायचा. त्या गोळ्याला तोख म्हणतात. तो भाजून निघाला तर मुकाट परतायचं. कच्चा राहिला तर पंचानं त्यातला घास खायचा आणि पाया खणायला मोकळीक द्यायची.

सेविरा दर वसंतात तोख पुरायची आणि दर वसंतात तो खरपूस भाजून निघायचा. दोरखंडासारखे पीळ पडलेल्या त्या दगडावर शेवाळ चढलं, खाचांत राख साचून गवत उगवलं, पण आतली धग काही जाईना. ती बहिणीकडे तळ्याकाठी राहायची. बहीण मायाळू होती, तरी दुसऱ्याच्या चुलीपुढे बसून सेविराचा जीव आंबून गेला होता. गावकरी तिचा भाजलेला तोख मिटक्या मारत खायचे आणि वर म्हणायचे, "मीठ तेवढं घालत जा." तिला त्यांचा भयंकर राग यायचा. मीठ ती मुद्दामच घालत नसे.

यंदा तोख काढायला तिचा दीर दुर्मान आला. पंच आता तोच होता.

"वहिनी, गुडघे कुरकुरतायत तुमचे. या वयात कशाला घर?"

"कुरकुरतायत माझे, आणि कण्हताय तुम्ही. काढा आधी."

दुर्मानानं पहारीनं भेगेतून तोख काढला आणि तो बघतच राहिला. एक बाजू तांबूस भाजलेली, दुसरी पांढरी, बोट रुतेल इतकी मऊ.

"अर्धाच कच्चा आहे," तो मान खाजवत म्हणाला. "नियमात असं काही नाही. पुढच्या वसंतात बघू."

सेविराच्या मनात आलं, पुढचा वसंत आपल्या नशिबी आहे की नाही, कोण जाणे. तिनं तोख त्याच्या हातून घेतला आणि भेगेत होता तसा धरला. कच्ची बाजू उगवतीकडे होती.

"भाऊजी, तुमच्या घरात चूल आहे?"

"आहे की."

"तापते?"

"तापते."

"मग घर सोडून पळालात का कधी? मी उगवतीकडे निजेन, मावळतीकडे रांधेन. सरपणासाठी तुम्हाला हाक मारायची नाही, तेवढीच तुमची सुटका."

दुर्मानानं पांढऱ्या बाजूचा लचका तोडला, तोंड वेडंवाकडं करत चावला आणि गिळला. सेविराचे डोळे भरून आले.

"वहिनी, मीठ कुठंय यात?"

"घरी आहे," ती म्हणाली आणि तिनं पायाखाली बोट दाखवलं.

दुर्मानानं पहार उचलली आणि उगवतीच्या बाजूनं पायाची पहिली रेघ ओढायला घेतली.