सुभेदारांची अर्धी नात

सुभेदार लालासाहेब फौजेतले सिग्नलवाले, पण १९९९ साली सांगलीत माडीवरच्या इंटरनेटनं त्यांना पुरतं हरवलं. अमेरिकेहून नातीचा पहिला फोटो आला होता. पडद्यावर तो कपाळापर्यंत उतरला की लाइन तुटायची. त्यांनी मोडेम, वायरी सगळं बदलून पाहिलं.

“सुभेदार, नातीला नुसतं कपाळच हाय व्हय?” त्यांच्या शेजारी बसून मी विचारलं.

मग चहा सांगायला मी खाली गेलो. वर मोडेमची शिट्टी थांबून मिनिटभर झालं, तसा सुभेदारांच्या बायकोनं, राहीबाईंनी, त्याच लाइनवरच्या खालच्या फोनचा रिसीव्हर उचलून हळूच उशीवर ठेवला.

“वहिनी, ह्ये कशाला?”

“मालक कामाला बसल्यात. मधीच कुणाचा फोन नको.”

रिसीव्हर जागेवर गेला, वर लाइन पुन्हा जोडली, तशी नात हनुवटीपर्यंत उतरली. नाक थेट राहीबाईंचं आहे, हे मात्र सुभेदार अजून कबूल करत नाहीत.