क्वार्टरबॅकला शाल आणि श्रीफळ

व्हर्जिनियातल्या हर्नडनहून शुक्रवारी दुपारी बाराला निघायचं ठरलं होतं. बाराचे अडीच झाले, कारण ऐन वेळी एक गिऱ्हाईक व्हॅन घेऊन गॅरेजात आलं आणि तिच्या इंजिनाची खडखड ऐकून मला शटर ओढवेना. तेव्हा ज्यांना ऑक्टोबरातली शेननडोआ खोऱ्यातली पानं आणि कॉलेज फुटबॉल एकाच खेपेत उरकायचं आहे, त्यांना पहिला सल्ला: शुक्रवारी जेवायच्या आधी आय-६६ हायवेला लागा. आम्ही मनॅससच्या पुढं तासभर नुसते ब्रेकवर होतो.

जायचं ठरलं गुरुवारी, एका फोनवर. आमची रिचा तिकडच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजचं आणि गावाचं नाव लिहीत नाही. नाव कळलं की पोरगा कळेल, आणि त्या पोराला माझ्यामुळं एकदा त्रास झाला तेवढा पुरे.

"बाबा, ब्रॅडचा शोल्डर गेला. सॅटर्डेला कोडी स्टार्ट करतोय," ती म्हणाली.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: क्वार्टरबॅक म्हणजे असा कप्तान, ज्याच्या हातात प्रत्येक डावाला चेंडू येतो. समोरून शंभर-सव्वाशे किलोची माणसं त्याला आडवं करायला धावत येतात, आणि तेवढ्या तीन सेकंदांत कुणाकडं फेकायचं ते त्यानं ठरवायचं. ब्रॅड आमचा पहिल्या पसंतीचा. हात तोफेसारखा, पण ज्याच्याकडं फेकायचं त्याच्याकडं तो आधीपासूनच टक लावून बघतो, त्यामुळं सगळ्या स्टेडियमला पत्ता कळतो. कोडी राखीव. हात बेताचा, पाय मात्र शांत. घाबरलेला माणूस आधी पायानं घाबरतो, हे मी तीस वर्षं गिऱ्हाइकं बघून शिकलोय. गेली दोन वर्षं मी सांगतोय की कोडीला खेळवा. गॅरेजात माझं कुणी ऐकत नाही, घरी तर नाहीच.

गाडीत आम्ही तिघं. मी, बायको सुलभा, आणि मिलिंद. मिलिंद नागपूरचा, हर्नडनमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर करतो. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये एकटाच राहतो म्हणून अर्धा आमच्याकडंच जेवतो. मी अकोल्याचा, त्यामुळं आमचं दोघांचं वऱ्हाड-नागपूर चालू असतं. ग्रीन कार्डच्या रांगेत त्याला पाच वर्षं झालीत.

"भाऊ, आपलं कॉलेज प्लेऑफला जाईल का पण?"

"पाचातल्या तीन जिंकल्यात. उद्याची गेली तर अवघड. जिंकलो तर पुढच्या दोन सोप्या आहेत."

"आपलं बरं आहे, छोट्या डिव्हिजनला निदान प्लेऑफ तरी आहे. मोठ्या कॉलेजांचा चॅम्पियन मतांवर आणि कॉम्प्युटरवर ठरवतात. सरकारनं कायदा करायला पाहिजे यार."

"सरकारनं?" मी म्हटलं. "वापरलेलं ऑइल कसल्या पिंपात ठेवायचं आणि त्यावर काय लेबल लावायचं, हे सरकारनं मला सांगितलंय. त्यांना फुटबॉलमध्ये आणशील तर चेंडू फेकायच्या आधी परमिट काढावं लागेल."

"तुम्हाला पिंपाचं लेबल लावावं लागतं. माझ्या स्वतःवरच लेबल आहे," मिलिंद म्हणाला.

"दोघंही गप्प बसा आणि डावीकडं बघा," सुलभा म्हणाली.

डावीकडं डोंगर पेटल्यासारखा दिसत होता. स्ट्रासबर्गपाशी आय-८१ लागतो. ट्रक फार, पण रस्ता उत्तम. एक्झिट घेऊन दोन मैल आत गेलात तर सफरचंदांचे स्टॉल आहेत. अर्ध्या पिशवीला पाच डॉलर, आणि बाई आधी एक कापून खायला देते. गॅस, म्हणजे पेट्रोल, गॅलनला सव्वादोन डॉलरच्या आसपास. मोटेल एरवी साठ डॉलरला मिळतं, पण मॅचच्या आठवड्यात एकशेतीस आणि दोन रात्री घ्यायलाच लागतात. घासाघीस करून पाहिली. काउंटरवरचे पटेलभाई गोड हसले, दर तोच ठेवला.

संध्याकाळी रिचाच्या अपार्टमेंटवर गेलो. सुलभानं घरून पुरणपोळ्या आणल्या होत्या, तूप, आमटी, ठेचा. ताटं मांडली तेवढ्यात दार वाजलं. दारात कोडी. स्टॅटिस्टिक्सच्या वर्गात तो आणि रिचा एकाच प्रोजेक्टवर आहेत, कुठलीशी वही परत द्यायला आला होता. उंच, लाल कानांचा, दारातच बूट काढणारा पोरगा. ज्याच्याविषयी मी दोन वर्षं भांडलो तो आमच्या दारात मोज्यांवर उभा!

सुलभानं त्याला बसवलंच. चार पुरणपोळ्या खाल्ल्या त्यानं. ठेचा चमचाभर घेतला, डोळ्यांत पाणी आलं, तरी "गुड, मॅम," म्हणाला.

आणि मग मला सुचलं. आमच्या मंडळाच्या सत्कार समितीवर मी कायमचा आहे. गणपतीच्या कार्यक्रमासाठी न्यू जर्सीतल्या आयसेलिनहून शाली आणि नारळ आणले होते. एक पाहुणे आलेच नाहीत, त्यांचा संच डिकीत तसाच पडून होता. पोरगा उद्या पहिल्यांदा मैदानात उतरणार. अशा माणसाला आपण रिकाम्या हातानं पाठवतो का? सुलभानं कुंकू लावलं, मी शाल पांघरली, हातात नारळ दिला आणि पाकिटात एक्कावन्न डॉलर. मिलिंदनं टाळ्या वाजवल्या. रिचा "ओ माय गॉड, बाबा," म्हणत तोंड लपवून हसत होती. नारळ हातात आल्याबरोबर कोडीची बोटं आपोआप त्यावर चेंडूची शिवण शोधायला लागली. जाताना तो काहीतरी बोलणार होता, पण सुलभानं डबा पुढं केला आणि ते राहून गेलं.

शनिवारी सकाळी साडेनऊला पार्किंग लॉटमध्ये. हा भाग चुकवू नका. मॅच दीडची असली तरी लोक सकाळपासून गाड्यांची मागची दारं उघडून शेगड्या पेटवतात. आमच्या शेजारी नेहमी रॉय असतो, रिटायर्ड स्कूलबस ड्रायव्हर. त्याची कणसं, आमचा ठेचा, असा आमचा तह आहे. शाकाहाऱ्यांनी स्टेडियमच्या आतल्या खाण्यावर भरवसा ठेवू नये. आत पॉपकॉर्न आणि प्रेट्झेल एवढंच आहे.

मी रॉयला मोठ्या अभिमानानं सत्काराची गोष्ट सांगितली. कणीस त्याच्या तोंडाशीच थांबलं.

"पाकीट? आत पैसे?"

"एक्कावन्न. शुभ असतं."

"तू इथं कसा पार्क करतोस?"

"अ‍ॅथलेटिक फंडाला शंभर डॉलर देतो, त्याचा पास मिळतो."

"म्हणजे नियमाप्रमाणं तू बूस्टर आहेस, संघाचा देणगीदार." रॉयनं आवाज खाली आणला. "बूस्टरनं खेळाडूला मोजासुद्धा द्यायचा नसतो. पोराला खेळायला बंदी होते. कायमची नाही, पण आजची तरी नक्की."

मला हा नियम माहीत नव्हता असं नाही. कुणा धनाढ्यानं खेळाडूला गाडी दिली, फ्लॅट दिला, हे सगळं मी वाचलेलं. पण शाल-नारळ म्हणजे कुणाला काही देणं असतं, हे डोक्यातच आलं नाही. आपल्याकडं सत्काराला देणं म्हणत नाहीत.

"कुणी पाहिलं?" रॉयनं विचारलं. "नाही ना? मग तोंड बंद. तू मला सांगितलं नाहीस, मी ऐकलं नाही."

खरं सांगतो, मला ते पटलं. गॅरेजात तपासनीस आला की विचारलं तेवढंच सांगायचं, ही माझी रीत. शिवाय दोन वर्षं वाट बघितलेली मॅच. मी खुर्ची उघडून बसलोसुद्धा.

मिलिंद मात्र उभाच राहिला. "भाऊ, चला. ऑफिस कुठं आहे ते विचारू."

"बस रे. संध्याकाळपर्यंत मॅच संपेल."

"मी गेली किती वर्षं फॉर्मच भरतोय. तुम्ही जाऊन सांगितलं तर ती चूक असते. त्यांनी शोधून काढलं तर तीच फसवणूक होते. आणि ती तुमच्या नावावर नाही, त्या पोराच्या नावावर लागेल."

"आणि सांगितल्यावर आजच बसवला तर?"

"बसवला तर बसवला. पुढच्या शनिवारी तरी खेळेल."

मी सुलभाकडं बघितलं. ती आधीच पर्स खांद्याला लावून उभी होती. "मी त्याला खाऊ घातलंय," एवढंच म्हणाली.

स्टेडियमच्या मागं कम्प्लायन्सचं ऑफिस असतं. खेळाडू नियम पाळतात की नाही हे बघणारं कॉलेजचं खातं. वाटेत कुंपणातून मैदान दिसलं. बाकीचे सराव करत होते. चेंडू तिसराच कुणी पोरगा फेकत होता. कोडी स्वेटशर्ट घालून कडेला, हात खिशात. कुणी आधीच सांगितलं की काय?

ऑफिसात मिसेस हॉल नावाच्या बाई. मी नाव सांगून तोंड उघडतोय तोच त्या उठल्या. "तुम्ही रिचाचे वडील? अहो, सकाळपासून तिच्या फोनवर निरोप ठेवतेय!" रिचाचा फोन घरी चार्जिंगला. बाईंनी टेबलाखालून एक पिशवी काढली. शाल घडी केलेली, नारळ, पाकीट न उघडलेलं, आणि आमचा डबासुद्धा.

कोडीनं स्वतःच आणून दिलं होतं. आमच्याकडून निघाला तो थेट कोचच्या घरी गेला होता. वस्तू परत, आणि जे खाल्लं त्याची किंमत त्यानं धर्मादाय संस्थेला द्यायची, की मोकळा. फक्त देणाऱ्याचा सहीचा जबाब हवा. तो नसला तर आज खेळायचं नाही.

मी खुर्चीत बसून राहिलो असतो तर काय झालं असतं, ते मिलिंद बोलला नाही. त्याची ती चांगली सवय आहे.

फॉर्म चार पानी. काय दिलं, का दिलं. "याच्या बदल्यात तुमची काय अपेक्षा होती?" मी लिहिलं, "दोन टचडाउन." मिसेस हॉलनी चष्म्यावरून बघितलं. "हे खोडा." खोडून "काही नाही" लिहिलं आणि पुढं आद्याक्षरं.

अडलं ते जेवणापाशी. चार पुरणपोळ्यांची किंमत लिहायची होती.

"मी विकायला केल्या नव्हत्या," सुलभा म्हणाली.

"बाजारभावानं लिहा, मॅम."

"बाजारात अशी मिळते तरी का?"

"मॅम, साडेबारा वाजलेत."

"वहिनी, लिहून टाका ना, लहान आकडा," मिलिंद काकुळतीला आला.

सुलभानं पेन घेतलं, कपाळाला आठ्या घालून एका पोळीला एक डॉलर लिहिलं, आणि मला मराठीत म्हणाली, "आयुष्यात एवढा अपमान झाला नव्हता." मिसेस हॉलना भाषा कळली नाही, चेहरा कळला. शिक्का मारता मारता त्या म्हणाल्या, "चांगल्या झाल्या असणार. किती खाल्ल्या हे त्यानं स्वतःच दोनदा सांगितलं."

एक वाजायला वीस मिनिटं असताना कुंपणापलीकडं कोडीनं स्वेटशर्ट काढला.

मॅच आम्ही हरलो. वीस-चोवीस. एक टचडाउन, म्हणजे गोलच समजा, त्यानं फेकलं, एक स्वतः धावून केलं. शेवटच्या दीड मिनिटात संघाला गोलरेषेपासून अकरा यार्डांवर आणलं, आणि शेवटचा पास एका वितेनं लांब गेला. पाय मात्र शेवटपर्यंत शांत होते. माझ्या शेजारचा माणूस शिव्या देत होता. मी खाली बघून पॉपकॉर्न खात होतो.

नंतर कोडी कुंपणाशी आला. मान खाली. "सॉरी, मॅम. डबा परत द्यावा लागला."

"अरे, आम्हीच चुकलो बेटा," सुलभा म्हणाली. मी मात्र दोन्ही हात जॅकेटच्या खिशात घालून उभा राहिलो, न जाणो परत काहीतरी देऊन बसीन.

रविवारी स्कायलाइन ड्राइव्हनं परतलो. गाडीमागे फी आहे, वेगाची मर्यादा पस्तीस, आणि घाई असेल तर जाऊच नका. नारळ आम्ही एका ओव्हरलुकवर, म्हणजे खोरं बघायला गाडी थांबवतात तिथं, फोडून तिघांनी खाल्ला. मिलिंद म्हणाला, नियम बिनडोक आहे. मी म्हटलं, आहेच. एक्कावन्न डॉलरनं कुणी विकला जात नाही आणि पुरणपोळीनं तर नाहीच. हे माझं मत अजूनही पक्कं आहे. फक्त एवढं कळलं, की बिनडोक नियमाची झळ तो करणाऱ्याला बसत नाही. कडेला खिशात हात घालून उभ्या असलेल्या विशीतल्या पोराला बसते. मग ज्याच्यामुळं बसली त्यानं निदान उठून जावं.

सोमवारी गॅरेजात रेडिओवर फोनवाल्या लोकांचा कार्यक्रम लागला होता. एकामागून एक कोडीला झोडपत होते. हातात दम नाही, डोकं नाही, ब्रॅडला परत आणा. मी आयुष्यात पहिल्यांदा नंबर फिरवला. गाडीखाली पडून, फोन मानेखाली धरून, पस्तीस मिनिटं थांबलो. लाइन मिळाल्यावर पायांचं सांगितलं, शेवटच्या दीड मिनिटाचं सांगितलं, आणि म्हटलं, आज ज्याला शिव्या देताय त्याच्याइतका सरळ पोरगा तुमच्या संघात दुसरा नाही.

निवेदक हसला. "साहेब, तुम्ही तर त्याला घरच्यासारखं ओळखता. भेटलायत का कधी?"

सांगायला माझ्याकडं केवढं होतं! जीभ अगदी दातांपर्यंत आली.

"छे," मी म्हटलं. "मी तिकीट काढून बघणारा माणूस."