लिहून देणार जनकाबाई

जनकाबाईइतका कागदावर विश्वास असलेलं माणूस मी गोरेगावात दुसरं पाहिलं नाही, आणि तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं. गावभराच्या वाकळा ती शिवून देई. जुन्या लुगड्यांच्या गाठोड्याशेजारी तिची पत्र्याची पेटी असे. तिच्यात रेशनकार्ड, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, देवी टोचल्याची चिठ्ठी, एवढंच काय, गेल्या तीन निवडणुकांच्या मतदार-चिठ्ठ्यासुद्धा जपून ठेवलेल्या. "बोलनं वाऱ्यावर जातं, कागद पेटीत ऱ्हातो," असं ती म्हणायची. मी शाळेत नवा मास्तर होतो, साल पंचाहत्तर, आणि मला हे बोलणं फार शहाणपणाचं वाटायचं. आता वाटत नाही.

जूनमध्ये ती सहा वर्षांच्या सेवाचं नाव घालायला शाळेत आली. सेवा ही तिच्या धाकट्या भावाची, शिरड शहापूरच्या नरसिंगची मुलगी. बाळंतपणात आई गेली. मूलबाळ नसलेल्या विधवा जनकाबाईनं पाचव्या दिवशी लेकरू पदराखाली घेतलं आणि गोरेगाव गाठलं. शेळीच्या दुधावर तिला जगवलं. नरसिंगनं पुढं दुसरा संसार मांडला. वर्षातून एकदोनदा तो फुटाण्याची पुडी घेऊन यायचा, दारात उभा राहायचा आणि जायचा. सेवा जनकाबाईलाच आई म्हणायची. पण शाळेच्या रजिस्टरात तसं लिहायचं तर आधार हवा, म्हणून बहीणभावांनी मे महिन्यात तालुक्याला जाऊन रीतसर दत्तकपत्र केलं होतं.

"वाचा गुरुजी," तिनं घडी माझ्यापुढं उलगडली. तिच्या तोंडावर असा आनंद होता की मीही खुशीत वाचायला लागलो. "लिहून देणार जनकाबाई. लिहून घेणार नरसिंग. लिहून देणार हिने आपली मुलगी सेवा ही लिहून घेणार यास राजीखुशीने दत्तक दिली असून तिचा कब्जा आजच दिला आहे. यापुढे लिहून देणार हिचा अथवा तिच्या वारसांचा सदर मुलीवर कोणताही हक्क राहिलेला नाही."

मी थांबलो. मनातल्या मनात पुन्हा वाचलं. अक्षर मात्र सुरेख होतं.

"बाई, यात तुम्ही पोरगी भावाला दत्तक दिलीय."

"कुनाची पोरगी?"

"तुमची."

"भावाची पोरगी, माझी म्हनून, भावालाच?"

"हो."

"बराबर वाचा," ती म्हणाली, जशी काही चूक माझ्या डोळ्यांची होती.

झालं होतं ते असं. हा कागद तातेराव अर्जनवीसांनी लिहिला होता. निजामाच्या अमदानीपासून ते तालुक्याच्या कचेरीपुढच्या लिंबाखाली बसून लोकांचे दस्त लिहीत, आणि त्यांचा उभा जन्म शेतांची खरेदीखतं लिहिण्यात गेलेला. खरेदीखतात जो लिहून देतो तोच जमीन देतो, त्यामुळं त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "लिहून देणार कोण?" जनकाबाई पुढं झाली. तिला वाटलं, पोरीला पोटच्या लेकरासारखी सांभाळीन असं मीच तर लिहून द्यायचं आहे. "मी देते ना लिहून," ती म्हणाली. त्यापुढं तातेरावांची लेखणी नांगरलेल्या तासातून जावी तशी सरळ गेली. शेवटी सवयीनं त्यांनी चतुःसीमाही विचारल्या. पूर्वेस अमृतरावाचा गोठा, पश्चिमेस बुद्धविहार, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस हिरासिंगाची पिठाची गिरणी, यांच्या दरम्यान असलेली मुलगी. तसं पाहिलं तर अख्ख्या कागदात चतुःसीमा तेवढ्या बिनचूक होत्या. दोघांनी अंगठे लावले, ऐकून मान्य आहे म्हणाले आणि सेवाला खारे शेंगदाणे घेऊन देऊन घरी आले.

मी नरसिंगला कार्ड टाकलं, की चूक दुरुस्त करायची आहे, या. आठ दिवसांनी तो आला. त्यानंही आपली नक्कल कुणाकडून तरी वाचून घेतली होती.

"कागद बराबर हाय," तो जनकाबाईच्या दारातूनच म्हणाला. "सरकारी शिक्का हाय. पोरगी मी घेतली. दसऱ्यानंतर नेतो."

मला त्याचा असा राग आला की विचारू नका. दुसऱ्या दिवसापासून जनकाबाई उंबऱ्यात बसून वाकळ शिवायला लागली आणि सेवा आत. शेजारच्या ओट्यावर खेळायलासुद्धा पोरीला जाऊ देईना. मी शाळेच्या रजिस्टरात आईचं नाव पेन्सिलीनं लिहून ठेवलं.

शेवटी कागद ज्यांच्या कचेरीत नोंदला त्या निबंधक साहेबांपुढंच काय तो निकाल लावू, असं म्हणून मी नरसिंगला कसाबसा तयार केला. एका सकाळी आम्ही एसटीनं तालुक्याला गेलो. तातेरावही लिंबाखालून उठून आत आले. आपल्या हातून इतक्या वर्षांत एकही बांध चुकला नाही, असं ते सांगू लागले.

साहेब भले गृहस्थ होते, पण कायदा त्यांना पाठ होता. "दत्तक एकदा झालं की रद्द होत नाही," ते म्हणाले.

"मग यानं बाईला पुन्हा दत्तक द्यावी," मी म्हटलं.

"एकदा दत्तक गेलेलं मूल दुसऱ्यांदा दत्तक जात नाही."

"साहेब, बापानं स्वतःची मुलगी दत्तक घेतलीय."

"तेही चालत नाही," साहेबांनी शांतपणे सांगितलं.

म्हणजे जे झालं ते चालत नव्हतं आणि जे चालत नव्हतं ते रद्द होत नव्हतं. सेवा जनकाबाईच्या मांडीवर बसून शाईच्या दौतीकडं बघत होती. मग साहेबांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी विचारलं, "त्या दिवशी प्रत्यक्ष देणंघेणं झालं होतं का? होम वगैरे?"

"आमी बुद्धाचे लोक सायेब, होम कशाचा? वंदना घेतली," जनकाबाई म्हणाली.

"होम नसला तरी चालतो. पण मूल एकानं उचलून दुसऱ्याच्या हातात द्यावंच लागतं. ते कुणी दिलं?"

दोघं एकमेकांकडं बघायला लागले. सेवा त्या दिवशीही आत्ताच्यासारखीच जनकाबाईच्या मांडीवर होती. येतानाही, जातानाही.

साहेबांचा चेहरा उजळला. "मग दत्तक झालंच नाही. कुणीच कुणाला दिली नाही. कागदाची दुरुस्ती करू. नरसिंग, तू लिहून देणार."

नरसिंग हलला नाही.

"का रे? मुलगी न्यायचीय तुला?"

"न्यायची न्हाई सायेब. घरात दोन लेकरं हायेत, बायकोला झेपून न्हाई राहिलं."

"मग अडवतोस कशाला?"

"सहा वर्सं झाली, गाव म्हनून राहिलं, नरसिंगनं पोरगी देऊन टाकली." त्यानं कागदाकडं बोट केलं. "हितं पयल्यांदा लिवलं व्हतं, की म्या घेतली."

माझा राग कुठं गेला ते मला कळलं नाही. जनकाबाई म्हणाली, "मला कवा बोलला न्हाईस रे."

"काय बोलू, अक्का?"

तातेरावांनी नवा कागद घेतला. या वेळी त्यांनी प्रत्येक ओळ लिहिण्याआधी दोनदा विचारली. नरसिंगनं अंगठा उठवला. "आता देणंघेणं," साहेब म्हणाले, आणि तिथं सगळं पुन्हा अडलं. पोरगी जनकाबाईकडंच होती. नरसिंगनं ती द्यायची तर आधी जनकाबाईनं ती त्याला द्यायला हवी होती. तिनं सेवाला आणखी घट्ट धरलं.

"मी न्हाई देनार. दिली म्हंजे पयला कागद खरा व्हईल."

साहेबांनी समजावलं, मी समजावलं. तातेरावांनीही समजावलं, तेव्हा तर तिनं तोंडच फिरवलं. मग ती नरसिंगकडं बघत राहिली. उठली, आणि तिनं सेवाला त्याच्या हातांत ठेवलं. लगेच आपले दोन्ही हात पसरून समोर उभी राहिली.

सेवानं त्याच्या मुंडाशाला हात लावून पाहिला. नरसिंग ताठ उभा होता, डोक्यावर भरलेली घागर असल्यासारखा.

"जड झाली ना?" जनकाबाईनं विचारलं.

"जड का हलकी, मला काय ठाव," तो म्हणाला. "आजच पयल्यांदा उचलली."

साहेबांनी घड्याळाकडं बघितलं आणि "हं, द्या आता," म्हणाले.

जनकाबाईनं पसरलेले हात मागं घेतले.

"ऱ्हाऊ दे सायेब," ती म्हणाली. "घडीभर धरू दे त्याला."