शिवप्पाचे चार प्लग

गोपाळकृष्ण मास्तरांनी शिवप्पाला पहिल्यांदा पाहिलं ते तुळजापूरच्या बाजारात. कपाळावर विभूतीचे पट्टे असलेला एक तरुण मोटारीच्या पायरीवर बसला होता. मांडीवर फडकं, फडक्यावर चार काळ्या वस्तू. एकेक उचलून तो नाकाशी नेई, फुंकर मारी आणि बोटांत फिरवून बघे. मास्तरांची नजर अधू आणि भूक चांगली. भाजलेल्या शेंगा असाव्यात, ओळख काढली तर मूठभर मिळतीलही, अशा हिशेबानं ते जवळ गेले.

"कुठल्या गावच्या शेंगा?"

"गाडीच्या पोटातल्या," शिवप्पा म्हणाला. "खाऊन बघा, मास्तर. घासलेटचा वास येतोय जरा."

ते मोटारीचे प्लग होते. लढाईचे दिवस, पेट्रोल कुपनावर, आणि मिळे त्यातही घासलेट मिसळलेलं. त्याची काजळी प्लगवर बसली की यंत्र खोकायला लागे. शिवप्पा प्लग काढी, तारेच्या ब्रशानं घासी आणि त्याची दोन टोकं अशी जुळवी की मधून एक पोस्टकार्ड जेमतेम सरकावं. गाडी आडत व्यापारी गुंडप्पांची. शिवप्पा त्यांचा ड्रायव्हर. अक्षर ओळखीचं नव्हतं, पण गाडी नुसत्या आवाजावरून ओळखायचा.

मास्तर मात्र वाचणारे. मोटारीवरचं एक जुनं इंग्रजी पुस्तक त्यांच्या हाती आलं होतं. त्याची मागची अर्धी पानं कुणीतरी फाडून नेली होती. उरलेल्या अर्ध्यावर मास्तर स्वतःला निम्मे मेकॅनिक समजत. निम्मं कुठलं, हे त्यांना पुढं कळलं.

चव्वेचाळीसच्या चैत्रात गुंडप्पांना उस्मानाबादच्या अदालतीत पेशी होती. मास्तरांनाही शाळेचे कागद तिथल्या कचेरीत द्यायचे होते, म्हणून ते गाडीत बसले. आधीच्या महिन्यात गाडी दोनदा वाटेत बंद पडली होती. निघतानाच गुंडप्पांनी बजावलं, "शिवप्पा, सोलापूरचा एक ड्रायव्हर बघून ठेवलाय म्या. आज पेशी चुकली तर उद्यापासनं तो येतोय."

शिवप्पाच्या घरात पाच तोंडं. त्यानं गाडी सुरू केली.

निम्म्या वाटेवर यंत्र खोकलं. शिवप्पानं गाडी लिंबाखाली घेतली, प्लग काढले, घासले, परत बसवले, वायरी जोडल्या. मग पाण्याचा डबा उचलला. "रेडिएटर तापलाय. हिरीवरनं पाणी आणतो. मास्तर, हात लावू नका बरं का कशाला."

गुंडप्पा सावलीत डुलकी घेत होते. मास्तरांनी हात लावायचा नाही असं ठरवून नुसतं वाकून बघितलं. वायरी एकमेकींवरून आडव्यातिडव्या गेलेल्या. ज्या गोल टोपणातून त्या निघत, त्यावर पहिली वायर पहिल्या प्लगची, तिच्या शेजारची तिसऱ्याची, मग चौथ्याची आणि शेवटी दुसऱ्याची! बारा वर्षं पोरांच्या पाट्या तपासलेल्या माणसाला हे बघवेना. एक, तीन, चार, दोन म्हणजे पहिलीतल्या पोरालाही छडी. बिचारा निरक्षर, घाईत चुकला असेल. मास्तरांनी वायरी काढल्या, रुमालानं पुसल्या आणि एक, दोन, तीन, चार अशा ओळीनं लावल्या. खिशात खडू असायचाच. प्रत्येक वायरीवर टोपणाशी सुबक आकडाही टाकला.

शिवप्पा आला, पाणी ओतलं, हँडल मारलं. धडाम!

लिंबावरचे कावळे उडाले. गुंडप्पा उठून उभे राहिले. "यप्पा! काय उडालं रं?"

पुन्हा हँडल, पुन्हा धडाम, आणि मागून काळा धूर. शिवप्पानं परत चारही प्लग काढले. लख्ख होते. पोस्टकार्ड सरकवून पाहिलं. बरोबर होतं. त्याच्या कपाळावरची विभूती घामानं ओघळली.

"झालं न्हवं?" गुंडप्पा घड्याळ काढून म्हणाले. "सोलापूरकराला निरोप धाडतो."

शिवप्पा टोपणाशी वाकला. त्याला खडूचा आकडा दिसला. त्यानं मान वर करून मास्तरांकडं पाहिलं, मग अंगठ्यानं आकडा पुसला. "मालक, वायरी उलट्या लागल्या. चुकलं माझं."

रोज प्रार्थनेनंतर खरं बोलावं हे सांगणारे मास्तर या क्षणी काय करत होते? लिंबाची पानं मोजत होते. तेरा पानं मोजून झाल्यावर त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की घसा आपोआप मोकळा झाला.

"गुंडप्पा, त्यानं नीट लावल्या होत्या. मी सुधारल्या."

"तुम्ही? तुम्ही तर गणित शिकवता!"

"म्हणूनच," मास्तर म्हणाले.

गुंडप्पा त्यांच्याकडं बघत राहिले. मग त्यांचं पोट हलायला लागलं आणि हसता हसता ते पायरीवर बसले.

"हसू नका, मालक," वायरी लावत शिवप्पा म्हणाला. "मास्तरांचं गणित बरोबर हाय. यंत्र शाळंत गेलं न्हाई, त्याला ते कसं कळावं?"

"पण तुला आकडे येत नाहीत, तर हा क्रम ध्यानात कसा राहतो रे?" मास्तरांनी विचारलं.

"पुढनं पहिला प्लग आई, दुसरी बायको सिद्धम्मा, तिसरा लेक, चौथा भाऊ. जेवायला आधी आई बसती, मग लेक, मग भाऊ. सिद्धम्मा सगळ्यांच्या मागनं."

मास्तरांनी बोटांवर मोजून पाहिलं. एक, तीन, चार, दोन. पुस्तकाच्या फाटलेल्या अर्ध्यात हेच असणार.

हँडलच्या पहिल्याच फेऱ्याला गाडी सुरू झाली. अदालतीत पोचले तेव्हा गुंडप्पांच्या नावाचा पुकारा चालला होता. धापा टाकत ते आत शिरले. परतीच्या वाटेवर सोलापूरच्या ड्रायव्हरचा विषय निघाला नाही. फक्त बसण्याआधी गुंडप्पा म्हणाले, "मास्तर, हात मांडीखाली ठेवा."

पुढं दहा वर्षं मास्तर त्या गाडीत बसले की हेच ऐकत, आणि ठेवतही.

गुंडप्पांची गाडी विकली गेल्यावर शिवप्पा दुसऱ्यांच्या गाड्या चालवत राहिला. सत्तरी ओलांडल्यावर तो लोहाऱ्याला लेकाकडं राहायला गेला. तिथं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हाच त्यानं गाडी चालवणं सोडलं.