खाली बसणारा धूर

शेजारच्या शांताकाकू नसत्या, तर माझी लेक आज सातवीत नसती. ती विज्ञानाचा धडा मोठ्यानं वाचत होती, "वायूला ठरावीक आकार नसतो," आणि धुवायला घेतलेल्या ह्यांच्या सदऱ्याला तेजाबाचा, म्हणजे ॲसिडचा, वास येत होता. त्या वासानं मला तो जुना दिवस आठवला.

तेव्हा ती तान्ही होती. कवठे महांकाळ सोडून आम्ही नुकतेच तमिळनाडूत आलो होतो. पुढं ह्यांची सोनं-चांदी गाळायची भट्टी, पडद्यामागं माझा संसार. त्या दिवशी ह्यांनी तेजाबात चांदी टाकली आणि तांबूस धूर पडद्याखालून आत आला. गावाकडं चुलीचा धूर आढ्याला जातो, म्हणून धूर कोंडला की लेकरू खाली निजवायचं. मीही तिला पाळण्यातून काढून फरशीवर निजवलं.

वासानं काकू धावत आल्या. त्या आमच्याच भागातल्या.

"अगं, लेकरू खाली कशाला ठेवलंस?"

"आवं, धूर वर जातो न्हवं?"

"चुलीचा जातो. ह्यो लय जड, तळाला बसतो. सर बाजूला."

त्यांनीच तिला उचलून खांद्याच्या वर धरलं आणि गल्लीत नेलं. ती खोकली, गप्प झाली. मग रडली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

माझी शाळा पाचवीतच सुटली, या धड्यापर्यंत मी पोचलेच नाही. अजूनही ती झोपली की मी तिचा श्वास ऐकत बसते.

काकू आता गावी एकट्या असतात, चालताना त्यांना दम लागतो. त्या अंथरुणाला खिळल्या, तर उशाशी मी असेन. एवढं मी त्यांचं देणं लागते.