बर्फवाली म्हणतात ती माझी पुतणी

माझी पुतणी नवजात बाळांच्या रुग्णवाहिकेवर परिचारिका आहे. घरी तिला चिमणी म्हणतात. अंगानं मात्र दणकट, आणि आवाज असा की झोपलेला पहारेकरी उठून सलाम ठोकेल. हल्ली आमच्या गल्लीत तिला ‘बर्फवाली’ म्हणतात. ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

हे नाव पाडलं पलीकडच्या घरातल्या आजीबाईंनी. त्यांचा नातू जन्मला तो रडलाच नाही. नाळेचा वेढा गळ्याला बसला होता, श्वास उशिरा आला. अशा बाळाचं अंग लगेच थोडं थंड करून तसंच राखलं, तर मेंदूची पुढची हानी पुष्कळदा टळते. म्हणून मोठ्या रुग्णालयात नेताना चिमणीनं त्याचं दुपटं आणि टोपी काढली, कडेला गार पिशव्या लावल्या. का, तेही आजीबाईंना नीट समजावलं. फार गार झालं तरी धोका, ऊब चढली तरी धोका. तिची नजर तापमान दाखवणाऱ्या यंत्रावरून हलत नव्हती.

वाटेत आकडा चढू लागला. गाडीतला हीटर बंद, पिशव्या जागेवर, तरी चढतोच. तिनं बाळाखाली हात घातला, तर चादरीच्या घडीत गरम पाण्याची पिशवी!

“ही कुणी ठेवली?”

“मी,” बाकावरून आजीबाई म्हणाल्या. “लेकरू गारठलंय, दिसत नाही तुला? स्वतःला पोर असतं म्हणजे कळलं असतं!”

चिमणीनं पिशवी पुढे ड्रायव्हरच्या सीटवर भिरकावली.

“बरं झालं, कंबर धरलीच होती, शेकून घेतो,” ड्रायव्हर पुटपुटला.

“आजी,” चिमणी म्हणाली, “मला काय बोल लावायचे ते उद्या लावा. आज याला हात लावाल तर इथंच उतरवीन.”

हळूहळू आकडा खाली आला. तीन दिवस बाळाला गार ठेवलं, मग बेताबेतानं ऊब दिली. परवा ते आईचं दूध ओढून प्यायलं. पुढे बरेच महिने लक्ष ठेवावं लागेल, असं डॉक्टर म्हणतात.

आणि काल आजीबाई मिठाईचा डबा घेऊन माझ्या दारात! “त्या बर्फवालीनं मारलंच होतं. माझ्या पिशवीनं तगला हो!”

“बर्फवाली माझी पुतणी आहे,” मी म्हटलं. “डबा आधी तिच्या दारी न्या.”

“तिच्या? माझं खेटर जाईल!”

मी दार लावून घेतलं. जोरात.